पुलीचं बेरिंग आणि माझं खोटं

आमचे हे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण जगातली कुठलीही वस्तू आपल्याला दुरुस्त करता येते हा विश्वास काही निवृत्त झाला नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरापुढे जुनी गाडी उभी असते. गेल्या उन्हाळ्यात ती सुरू केली की बॉनेटखालून चिरका आवाज येऊ लागला. मी तो सांगितल्यावर ह्यांनी पट्टा काढला, पुली खोलली, बेरिंगवरचं रबरी झाकण सुईनं उचकटलं आणि आत बोटानं ग्रीस भरलं. सुई अर्थातच माझ्या शिवणाच्या डब्यातली.

सगळं बसवून गाडी सुरू केली. आवाज जसाच्या तसा. हे मात्र नाकाला ग्रीस लावून हसत उभे. "थांबला ना?"

आधी वाटलं, चेष्टा करताहेत. मग दाराची बेल आठवली, कुकरच्या शिट्ट्या आठवल्या, फोनवरचा नातीचा बारीक आवाज आठवला. हे सगळं कित्येक महिने मीच ह्यांना सांगत होते. मला गलबलून आलं. एरवी भांडायला एका पायावर तयार असणारी मी, त्या दिवशी "थांबला" म्हणून मोकळी झाले.

चार दिवसांनी मोडनिंबला बहिणीकडे निघालो. रस्त्यात पट्टा तुटला तर, या भीतीनं माझा जीव वरखाली होत होता. शेवटी हवा भरायचं निमित्त करून ह्यांना गाडी गॅरेजपाशी थांबवायला लावली. मिस्त्री हात पुसत आला.

"सर, तुमची गाडी चौकातनंच ऐकू आली की. बेरिंग गेलंय. गिरीस भरून न्हाय भागायचं."

त्यानं पट्टा काढून ह्यांना पुली फिरवायला लावली. आतली खरखर बोटांना लागली असणार, कारण ह्यांनी लगेच हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रीनं नवं बेरिंग बसवून दिलं.

गाडीत बसल्यावर किल्ली न फिरवताच म्हणाले, "तू तर थांबला म्हणालीस."

"म्हणाले."

"का?"

"तुम्ही किती खूश होता. माझं धाडस झालं नाही."

मला रडू आवरेना.

"मोडनिंबला उद्या जाऊ," ते सावकाश म्हणाले. "आज कानाच्या डॉक्टरांकडे. तू आत ये. ते काय म्हणतील ते नीट ऐक, आणि मला खरं सांग. जोरात सांग."