गोदामाच्या भिंतीआडचा सोनटक्का

रिता लग्न होऊन लाखनीला आली तेव्हा घरामागच्या सांदवाडीत दुपारपर्यंत ऊन असायचं. मग शेजाऱ्यानं धानाचं गोदाम बांधलं आणि त्या उंच भिंतीनं सगळं ऊन अडवलं. त्याच वर्षी सासऱ्यांना, श्यामरावांना, लकवा मारला. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं. नवरा वीरेंद्र दिवसभर हायवेवरच्या टायरच्या दुकानात. रिताचं साधं बाजाराला जाणंही सुटलं.

तिनं सांदवाडीत मोगरा लावला, गुलाब लावला. काड्या लांबल्या, कळी काही धरेना. दारावर भाजी विकायला येणाऱ्या चंद्रभागाबाईंनी ते पाहिलं आणि एक दिवस टोपलीतून अद्रकासारखे दिसणारे चार कंद आणले.

"सोनटक्का हाय बाई. याले सावलीच मानवते, उन्हात पानं करपतात. दरसाली लावाची भानगड नाई. कंद मातीत निजून राहते, पाणी पडलं का उठते."

पहिल्या साली नुसती पानं आली. दुसऱ्या साली भादव्यात पांढरीशुभ्र फुलं उमलली आणि वासानं गल्लीतल्या बाया मागच्या दाराशी येऊ लागल्या. महालक्ष्म्यांसाठी फुलं घ्यायच्या, घडीभर बोलायच्या, निघून जायच्या. रिता दारातून त्यांच्या पाठी बघत राहायची. वीरेंद्र दुकानात कौतुकानं सांगायचा, "तिले बाहेर जावंच नाई वाटत. झाडांत रमते ते." हे तिच्या कानावर आलं त्या दिवशी तिनं सांदवाडीत पाऊलही टाकलं नाही.

गेल्या वर्षी लाखांदूरला तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. वीरेंद्रला जेवण वाढताना रितानं विषय काढला.

"चार दिवस जाऊ काय? आईजवळ कोणी नाई."

"अन् बाबाले कोण पाहीन? तुही फुलं कोण पाहीन?"

"फुलांले माही गरज नाई पडत."

तेवढ्यात खाटेवरून श्यामरावांचा जड, अडखळता आवाज आला. "जाऊ दे तिले... मी तं पडून हाओ. तिनं कायले पडून राहाव?"

वीरेंद्र खाली मान घालून जेवला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुकानातल्या माणसाला बाबांजवळ ठेवून त्यानं तिला बसमध्ये बसवून दिलं.

दुसऱ्या सकाळी वीरेंद्रचा फोन आला. "बाबा खाटेवरून पडले. लवकर ये." आईचं ऑपरेशन दुपारी होतं. आई म्हणाली, "जा बेटा, माहं होते."

ती घरी पोचली तर श्यामरावांचा खांदा काळानिळा झाला होता. तिला पाहताच त्यांनी तोंड फिरवलं. "मुद्दाम... नाई पडलो मी."

"मले माहीत हाय, मामाजी," म्हणत तिनं त्यांचे डोळे पुसले.

आईच्या डोळ्याची पट्टी निघाली ते तिला फोनवरच कळलं. "साफ दिसते वो बाई," आई म्हणाली. "आता तुले पाहाव वाटते."

"येईन," रिता म्हणाली.

त्याला वर्ष होत आलं.