क्वार्टरबॅकचा तक्ता

आमच्या सरांना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा कुणी ठेवायला नको.

इथे आखातात, सुलैबियातल्या आमच्या कंपनीकडे पंपांच्या देखभालीचं काम आहे. कुठला पंप कधी दगा देईल याचा अंदाज मी काढायचे, तक्ते मी करायचे, आणि मीटिंगमध्ये उभं राहून बोलायचे सर. पहिल्या पानावर नाव त्यांचं. अशी तीन वर्षं गेली. सर पुण्याचे, मी सांगलीची. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांची माझ्या नवऱ्याशी ओळख झाली, तेव्हापासून ऑफिसातही मी त्यांची वहिनी. नावाचा विषय एकदा काढला तर म्हणाले, "वहिनी, आपण काय परके आहोत का?" तो विषय मी पुन्हा काढला नाही, पण विसरले नाही.

यंदा नव्या टीमचा प्रमुख नेमायचा होता. ती जागा सरांना हवी होती आणि मलाही. नेमणूक आमच्या अमेरिकन डायरेक्टरांच्या हातात, आणि त्यांना वेड अमेरिकन फुटबॉलचं. त्यात डाव ठरवून चेंडू फेकणारा जो खेळाडू, क्वार्टरबॅक, तो त्यांचा देव. गुरुवारी जेवण झालं की कॉन्फरन्स रूममध्ये वाद रंगायचा: क्वार्टरबॅक जुन्या काळातले भारी की आताचे? एका गुरुवारी ते म्हणाले, पुढच्या वेळी नुसती बडबड नको, आकडे आणा. रविवारी सकाळी, इथला आठवडा सुरू होताच, सर माझ्या टेबलापाशी हजर. "वहिनी, एक झकास तक्ता होऊन जाऊ दे."

मी तो मन लावून केला. खोटं कशाला बोलू, त्यात मला मजाच आली. मातीवर खेळलेला कबड्डीपटू आणि मॅटवर खेळलेला, यांची बरोबरी नुसत्या गुणांवर होत नाही, हे सांगलीत शेंबडं पोरही सांगेल. इथेही तेच. पूर्वी सामने कमी, चेंडू फेकणं कमी, आणि झेलायला धावणाऱ्याला वाटेतच आडवं करायची मुभा. म्हणून मी प्रत्येकाला त्याच्याच काळातल्या इतरांशी ताडून पाहिलं. आपल्या जमान्यात तो बाकीच्यांच्या किती पुढे होता, एवढाच प्रश्न.

त्याच संध्याकाळी शेवटच्या रकान्यावर सरांनी बोट ठेवलं. "हे काय?"

"याने फेकलेला चेंडू समोरच्या संघाने किती वेळा झेलला, ते."

सर मंडळाच्या क्रिकेट टीमचे जुने बोलर. त्यांचा चेहरा उजळला. बॉल आपण टाकायचा, झेल दुसऱ्याने घ्यायचा, विकेट आपली. "मग ज्याचे जास्त, तो वर पाहिजे ना?" म्हणत त्यांनी माझ्यासमोरच रकाना उलटा लावला.

असा झेल म्हणजे क्वार्टरबॅकची नाचक्की असते. एका वाक्यात सांगता आलं असतं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, सर." आणि चार दिवस सुखाने जेवले.

गुरुवारी सरांनी कोट घातला होता. पहिल्या पानावर नाव अर्थातच त्यांचं. माझी काळाकाळाची मांडणी त्यांनी स्वतःची म्हणून समजावली, डायरेक्टर मान डोलावत राहिले. मग निकाल पडद्यावर आला. सर्व काळातला सर्वश्रेष्ठ म्हणून जो झळकला, तो चेंडू शत्रूच्या हातात देण्यासाठीच प्रसिद्ध होता. डायरेक्टर हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. सगळी खोली हसली. मी हसले नाही, मला नीट बघायचं होतं.

सर घामाघूम झाले. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "तक्ता यांनी केलाय. मी फक्त मांडला."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चारचौघांत माझं काम माझं म्हटलं, तेही चूक माझ्या गळ्यात घालायला.

मी लॅपटॉप जोडला आणि रविवारची मूळ फाइल उघडली. रकाना सुलटा होता, नावं जिथल्या तिथे. डायरेक्टरांचं हसू थांबलं. पडद्याजवळ जाऊन त्यांनी यादी वरून खाली वाचली, आणि मग सरांना अगदी साधेपणाने विचारलं, "तुम्ही फक्त मांडला. मग पंपांचे तक्ते कोण करतं?"

सर माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात मराठीत म्हणाले, "वहिनी, सांगा ना. आपण मिळूनच करतो."

मी इंग्रजीत उत्तर दिलं, खोलीतल्या प्रत्येकाला कळावं म्हणून. सगळे मी करते, म्हटलं. पहिल्यापासून सगळे. सर खाली बघत होते. ते मान वर करेपर्यंत मी थांबले, आणि मग तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.