धुतलेल्या वाघिणी

आठवड्याचे सहा दिवस लोखंडावरचा गंज काढायचा आणि सातव्या दिवशी तो आपल्या हाताने पुन्हा चढवायचा, असं करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. सई, अर्णव, तुम्ही त्यांना वाघीणकाका म्हणायचात. हे मी मराठीत लिहिते आहे, म्हणजे बाबाला ते तुम्हाला वाचून दाखवावं लागेल आणि तो कुरकुरेल. कुरकुरू दे. इंग्रजीत मला सोपं गेलं असतं, शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीतच झालं माझं. तरी मराठीत का, ते शेवटी सांगते.

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. 'वॅगन'ची कोणीतरी वाघीण केली आणि ती तशीच राहिली. अर्णव चार वर्षांचा असताना तुम्ही दुबईला आला होतात. "समोरच्या काकांच्या वाघिणी बघायला चल," असं मी म्हटलं, तर त्याने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली. "आजी, नो! आर दे हंग्री?" काकांनी ते ऐकलं. ते जमिनीवर मांडी घालून बसले, खिशातून बोटाएवढा डबा काढला, तळहातावर ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "हिचं पोट भरलेलं आहे, हबीबी. आत्ताच बीट खाऊन आली." मग अर्णवने चौकट सोडली.

काका मालवणकडचे. तीस वर्षं या देशात काढलेली. आधी उम्म अल कुवैनच्या बोटी दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात आणि नंतर जेबेल अलीच्या बंदरात. काम एकच. जुन्या टाक्या, पाइप, बोटींचे पत्रे यांच्यावर नळीतून दाबाने वाळू मारून गंज उडवायचा आणि वर रंग द्यायचा. दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, मीनलआत्या आणि मी राहतो त्या घरासमोरच्या खोलीत ते आणखी तिघांबरोबर राहायचे. त्या खोलीत चार पलंग होते, पण टेबल नव्हतं. आमच्याकडे टेबल होतं. म्हणून दर रविवारी सकाळी नाश्त्याची भांडी उचलली की दारावर दोनदा टकटक व्हायची आणि काका स्टीलचा डबा घेऊन आत यायचे. "यल्ला, चला ताई, वर्तमानपत्र टाका."

नियम माझे होते. टेबलावर वर्तमानपत्राचे तीन थर, थिनरची बाटली फक्त बाल्कनीत, चहाला हात लावण्याआधी साबण. मी तीस वर्षं लायब्ररी सांभाळली. कपाटात एक पुस्तक उलटं असलं तर मला दुसऱ्या खोलीत बसूनसुद्धा चैन पडत नाही. मीनल म्हणते, आईने फ्रिजमधल्या कोथिंबिरीलाही चिठ्ठी लावली आहे. लावली आहे, तारखेसकट. काका यार्डातून खऱ्या गंजाची पूड एका छोट्या बाटलीत आणायचे. तिच्यावरही मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली, 'गंज'. काका किती तरी वेळ हसत होते. "तीस वर्षं हा माझा दुश्मन, ताई. तुम्ही त्याला नाव देऊन घरात ठेवलात."

त्यांच्या वाघिणी आपल्याकडच्या नव्हत्या, आयर्लंडच्या होत्या. काका आयर्लंडला कधी गेले नाहीत. पण उम्म अल कुवैनच्या यार्डात त्यांचे इंजिनिअर आयरिश होते. त्या साहेबांचे वडील एका लहानशा स्टेशनवर कामाला होते, आणि तिथून साखर कारखान्याला बीट घेऊन मालगाड्या जायच्या. साहेबांनी एकदा दुपारच्या सुट्टीत काकांना एक फोटो दाखवला. लोखंडी वाघीण, आणि तिच्या डोक्यावर दुसऱ्या वाघिणीचा सांगाडा वेल्डिंग करून बसवलेला. बीट जास्त मावावं म्हणून. काकांना ते इतकं आवडलं की पुढची किती तरी वर्षं ते दुसरं काही बोललेच नाहीत म्हणा ना. "तुमका सांगतंय ताई, ही आमच्याच माणसांची अक्कल. नवीन नाही परवडत? मग जुन्यावर जुनं ठोका. खलास!" आयर्लंडचे रूळ आपल्या मोठ्या रुळांपेक्षा तीन इंच अरुंद असतात, हेही त्यांनीच मला शिकवलं. ते तीन इंच ते असे सांगायचे, जसं काही शेजारच्या घराचा बांध सरकला आहे.

दुकानांच्या टाकून दिलेल्या पाट्यांमधून ते प्लास्टिकचे पत्रे कापायचे. डबा उभा राहायला दोन रविवार लागायचे. पण तो 'म्हातारा' व्हायला आणखी चार. चार केसांचा ब्रश, चहाचं पाणी, आणि ती बाटलीतली पूड. "गंज सरळ रेषेत कधी येत नाही," ते म्हणायचे. "पाणी कुठून ओघळलं असेल ते आधी बघायचं. कुठल्या कोपऱ्यात बीट आपटलं असेल, कुठल्या दाराला रोज त्याच माणसाचा हात लागला असेल." एकदा मी म्हटलं, "दोन डबे सारखे दिसत नाहीत हो तुमचे." ते खूश झाले. मी ते तक्रार म्हणून म्हटलं होतं.

साहेब केव्हाच आयर्लंडला परत गेले होते. त्यांची मुलगी अल ऐनला एका शाळेत शिकवते. तिने काकांना फोन करून सांगितलं की वडिलांची स्मरणशक्ती जात चालली आहे. तिचं नाव चुकतं, घर चुकतं, पण स्टेशनावरचा जुना फोटो पाहिला की बोलायला लागतात. काकांनी त्याच दिवशी ठरवलं, बारा वाघिणींची पूर्ण गाडी करायची आणि पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी जाईल तेव्हा तिच्याबरोबर पाठवायची. तोवर काकांचे हात थरथरायला लागले होते आणि डोळ्यांत मोतीबिंदू. "ह्या बारा शेवटच्या, ताई," ते म्हणाले. "साहेब मला विसरले तरी चालेल. वाघीण ओळखू देत."

बाराच्या बारा झाल्या. शेवटचा व्हार्निशचा हात तेवढा राहिला होता. व्हार्निश लागलं की गंज पक्का बसतो, तोपर्यंत बोटाने पुसला जाईल इतका नाजूक. तो सगळ्यांना एकदम द्यायचा असं ठरवून काका कंपनीच्या कामाला चार दिवस बाहेरगावी गेले. गाडी आमच्या टेबलावर, झाकण नसलेल्या खोक्यात. "हात लावू नका हं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वाळूचं वादळ आलं. मीनलने बाल्कनीचं दार नीट लावलं नव्हतं. पडदे, सोफा, पुस्तकं, सगळ्यावर पिवळट थर. मी सकाळपासून घर पुसत होते. टेबलापाशी आले, तर वाघिणींवरही बारीक वाळू. मी ओल्या फडक्याच्या टोकाने फक्त पहिलीच्या एका बाजूवरून हात फिरवला. वाळूबरोबर एक तपकिरी पट्टा निघून आला आणि खालचा करडा रंग चकचकीत दिसला.

इथे थांबायला हवं होतं. पण तो पट्टा वाईट दिसत होता, म्हणून मी ती बाजू पूर्ण पुसली. मग दुसरी बाजू विसंगत दिसायला लागली. पहिली वाघीण स्वच्छ झाली आणि ती बाकीच्यांत शोभेना. तिसरीला हात घातला तेव्हा मला पूर्ण कळलं होतं मी काय करते आहे. हे तुम्हाला नीट समजलं पाहिजे, म्हणून पुन्हा लिहिते. मला कळलं होतं. तरी तीन स्वच्छ आणि नऊ मळक्या असा संच मला बघवेना. मी वाटीत साबणाचं पाणी घेतलं आणि बाराच्या बारा धुतल्या. टेबलाच्या कडेला ओळीने वाळत ठेवल्या. काही क्षण, फार थोडे क्षण, मला बरंसुद्धा वाटलं.

काका आले तेव्हा मी दारातच म्हणाले, "वादळाने घोटाळा केला हो. वाळूने सगळा गंज गेला. मी आपल्या पुसून तरी ठेवल्या."

ते टेबलापाशी उभे राहिले. एक उचलली, डोळ्यांजवळ नेली, खाली ठेवली. मग दुसरी. बाराही बघितल्या. मग म्हणाले, "वादळाला काय बोलणार, ताई. चहा टाका."

साहेबांच्या मुलीच्या विमानाला चार दिवस होते. काकांनी सुट्टी काढली आणि चार दिवस आमच्या टेबलावर बसून एक वाघीण पुन्हा म्हातारी केली. व्हार्निशसकट एकच झाली. उजवा हात थरथरला की ते डाव्या हाताने मनगट धरायचे. मी समोर बसून चहाचं पाणी उकळून द्यायचे, बाटलीचं झाकण उघडून द्यायचे. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. मग शंकरपाळे तळायचे आणि ते पुढे करायचे. त्यांना आवडायचे म्हणून ते खायचे, आणि मी पुढचा घाणा तळायला उठायचे.

अकरा धुतलेल्या आणि एक गंजलेली अशी गाडी आयर्लंडला गेली. तीन आठवड्यांनी मुलीचा निरोप आला. काकांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला. साहेबांनी अकरा डबे हातात घेऊन बघितले आणि विचारलं, नवीन आहेत का? छान आहेत. मग बारावा घेतला. त्याच्या दारावरून अंगठा फिरवला आणि आपल्या वडिलांना हाक मारली. आता तो डबा ते खिशात ठेवून फिरतात.

"बघा!" काका टेबलावर थाप मारून म्हणाले. "एक ओळखली! एक पुरे, ताई. एक पुरे!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला ते 'पुरे' आजही ऐकू येतं. त्या माणसाला बारा हाका मारता आल्या असत्या.

पुढच्या वर्षी कंपनीने काकांना निवृत्त केलं. निघायच्या दिवशी ते निरोप घ्यायला आले. ती गंजाची बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. "चिठ्ठी तुमची आहे, तुमच्याकडे राहू दे." मी लिफ्टपर्यंत गेले. तिथे सांगायचं असं पक्कं ठरवलं होतं. "काका, ते वादळ..." असं मी म्हटलं, तोच लिफ्ट आली. बॅग आत ओढत ते हसून म्हणाले, "ताई, तीस वर्षं वाळू मारून गंज काढला मी. केवढं प्रेशर लागतं माहीत आहे? माणूस मागे ढकलला जातो. बाल्कनीतून आलेल्या वाळूनं गंज जात असता, तर कंपनीने मला पोसलं नसतं." दार बंद झालं.

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. ते चार दिवस, तो चहा, ते शंकरपाळे, सगळ्यात माहीत होतं.

आता इथे वादळ आलं की त्यांचा मालवणहून फोन येतो. बातम्यांत बघतात. "काय ताई, वाळू काय म्हणते?" मी म्हणते, "ठीक आहे." ते म्हणतात, "दारं लावून घ्या." एवढंच. ते मला खरं सांगायला जागा करून देतात आणि मी दर वेळी तिच्यासमोरून निघून जाते. मीनलला अजून वाटतं की दोष तिने उघड्या ठेवलेल्या दाराचा. तेही मी तिला वाटू दिलं.

तर मराठीत का, ते सांगते. काकांना इंग्रजी वाचता येत नाही. तुम्हाला मिळेल ती या लिखाणाची दुसरी प्रत. पहिली आज मालवणला गेली. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, तेव्हा त्यांची सून ओटीवर बसून त्यांना मोठ्याने वाचून दाखवेल. मोठ्याने, कारण त्यांना आता ऐकूही कमी येतं. शेजारपाजारचे ऐकतील. ऐकू देत.