पाटाखालचं आसन

उलटा हात लावायचा आणि म्हणायचं, "कसर हाय." म्हणजे अंगात बारीक ताप आहे. आमच्या फोटोवाल्या दादांचं सगळं वैद्यक आणि सगळं विज्ञान एवढ्यात संपायचं. लेकीच्या कपाळाला उलटा हात, चहाच्या ग्लासाला उलटा हात, स्कूटरच्या सायलेन्सरला उलटा हात. (सायलेन्सरला एकदाच.) वैशाखात मुरबाडच्या नाक्यावर उभं राहून ते असा हात वर करायचे, की वाटावं, आता सूर्यालाही सांगणार, "कसर हाय, घरी जाऊन पडून राहा."

त्यांचं नाव सांगत नाही. मुरबाड-शहापूरकडे विचारलंत तर कोणीही सांगेल. इकडच्या निम्म्या लग्नांच्या फिल्मा त्यांनी काढल्या. उरलेली निम्मी लग्नं टिकली नाहीत, असं आपलं मी लोकांना सांगतो. मी त्यांचा लायटीवाला. डोक्यावर हॅलोजन धरून मी इतक्या वरातींपुढे उलटा चाललो, की पुढे बरेच दिवस मला सरळ चालताना घेरी यायची.

कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, तेव्हा दादांनी कल्याणहून कोणाचा तरी वापरलेला लॅपटॉप आणला. मिक्सिंग आता घरच्या घरी. पण यंत्र भारी तापट. मंगलाष्टकं सुरू झाली की तापून बंद. पुन्हा चालू करा, पुन्हा 'सावधान' म्हणता म्हणता बंद. आम्ही त्यावर पापड भाजले म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. म्हणून खरं सांगतो, एकच भाजला, तोही पोह्याचा.

मग कोणीतरी सांगितलं, याला कूलिंग पॅड मिळतं. दादांनी ते आणलं. चपटी काळी पेटी, पोटात दोन पंखे, पंख्यांत निळे दिवे. दादांनी त्यावर लॅपटॉप बसवला, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि म्हणाले, "पॅड कसला रे? पाट हाय हा. बसायचा पाट." त्या दिवसापासून तो पाटच झाला. लक्षात ठेवा हा शब्द. पुढचं सगळं त्यानेच केलं.

पाटाने यंत्र खरंच गार होतं का, यावर नाक्यावरच्या चहावाल्याने शंका काढली. दादांना ती झोंबली. त्यांनी घरातली ताप मोजायची काचेची नळी आणली आणि यंत्राच्या बाजूच्या भोकाशी धरली, जिथून ते गरम हवा फेकतं तिथे. आधी पाटाशिवाय, मग पाटावर. दोन्ही वेळा पारा नळीच्या टोकाला जाऊन टेकला.

"म्हणजे फरक नाय, दादा," मी म्हणालो.

"येड्या, वाढला तर नाय ना? वैशाखात वाढला नाय म्हंजे कमीच झाला!"

आतून वहिनी म्हणाल्या, "अवो, नळी भरली. आता काय पारा बाहेर येऊन तुमाला सांगंल?"

खरं म्हणाल तर पाटाने थोडा फरक पडायचा. यंत्राचं पोट खालून गार लागायचं. बाजूची गरम हवा मात्र होती तशीच. आधी जे मंगलाष्टकांना बंद पडायचं, ते आता जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचायचं. पण दादांना एवढं पुरे होतं. ते येईल त्याला सांगत, "आपला आता फ्रिजवर काम चालतो."

मग त्यांच्या लेकीचं जमलं. आटगावकडचं घर, भातशेतीवालं, माणसं बोलकी. साखरपुडा झाला, त्याची फिल्म दादांनी जीव ओतून बनवली. लग्नाची बोलणी करायला व्याही मंडळी आली, तेव्हा ती टीव्हीवर दाखवायची ठरली. लॅपटॉपला वायर, वायर टीव्हीला, वायर जिथे ढिली तिथे मी धरून बसलेलो.

आता बघा. आमच्याकडे मानाच्या माणसाला नुसत्या पाटावर बसवत नाहीत, आसन लागतं. आणि दादांचा पाट त्या दिवशी व्याह्यांसमोर मांडला जाणार! देवाजवळची जरीकाठी लाल मखमल काढून त्यांनी टेबलावर अंथरली, तिच्यावर पाट, पाटावर यंत्र. हळदकुंकू तेवढं वाहायचं ठेवलं.

फिल्म सुरू झाली. सगळे आपापले चेहरे शोधत होते. विहीणबाई पेढा खायला तोंड उघडतात, आणि चित्र तिथेच थांबलं. तोंड उघडं, पेढा हवेत. मग काळोख. दादांनी पुन्हा चालू केलं. पुन्हा उघडं तोंड, पुन्हा काळोख. मागून एक म्हातारी पुटपुटली, "शुभकार्यात असा अंधार बरा नाय गो."

दादांनी उलटा हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तेव्हा व्याही उठले. त्यांनी पाट उचलला, तर मखमलही वर आली. पंख्यांनी खालून ओढून धरली होती. आई उठली तरी पदराला लटकलेलं पोर असावं, तशी लोंबत होती.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "पाटाला आसन दिलात, पन बिचाऱ्याचा नाकच दाबलात की!"

घर हसलं. कौलं उडाली असतील. मी पाहिलं नाही, मी खाली मान घातली होती. हातातली वायर सोडवेना आणि दादांकडे बघवेना. बघितलं तेव्हा ते उलटा हात स्वतःच्याच गालाला लावून उभे होते. लेक दारात होती. ती हसत नव्हती.

त्यानंतर दादा नाक्यावरून जायचे बंद झाले. स्टुडिओत मागच्या शेतातून यायचे. सायलेन्सरपासून सूर्यापर्यंत सगळ्यांचा ताप बघणारा माणूस समोरच्याच्या नजरेला नजर देईना. मला म्हणाले, "लग्नाचा शूटिंग तू कर. त्या माणसांपुढं मी कंच्या तोंडानं कॅमेरा धरू?"

लेकीने ऐकलं. "बाबा, सगल्या गावाच्या पोरींचं लगीन तुमी काढलं. माजं लायटीवाला काढणार?"

तरी लग्नाच्या दिवशी कॅमेरा माझ्याच गळ्यात होता. मी काय काढत होतो देव जाणे; नवऱ्याच्या मुंडावळ्या सोडून मांडवाचा खांब टिपत होतो. आणि दादा मागे, चुलाणापाशी, आचाऱ्याला मीठ कमी आहे का विचारत बसलेले.

पंगत बसली. व्याह्यांसाठी मानाचा पाट, त्यावर तीच लाल मखमल. वहिनींनी मुद्दाम केलं की दुसरं काही नव्हतं म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. व्याह्यांनी ती बघितली. बसले नाहीत. वाकून मखमल काढली, घडी घातली आणि तशीच चुलाणाकडे घेऊन गेले.

"व्याहीबुवा, हा ठेवा. मला नुसता पाट बरा. मला पन श्वास घ्यायचा हाय."

दादा उठून उभे राहिले. पंगतीत कोणी हसलं नाही.

"त्या दिवशी जीभ सुटली माजी. पोरीचा चेहरा बघितला नि घरी जाऊन जेवन गेला नाय. आता तुमी कॅमेरा घ्या, तर मी घास घेनार."

दादांनी माझ्या गळ्यातून पट्टा काढला. पुढची सगळी फिल्म त्यांची. इतकी थरथरते, की भूकंपाची म्हणून खपेल.

दादा जाऊन आता काही वर्षं झाली. लेक आली होती, ती सीडी घेऊन. तिला बाबा बघायचे होते. मी तोच लॅपटॉप काढला, तोच पाट, खाली उघडं टेबल. आम्ही शेवटपर्यंत पाहिलं. नवरा आहे, विहीणबाई आहेत, नुसत्या पाटावर जेवणारे व्याही आहेत. मी तर हॅलोजन घेऊन चारदा आडवा आलोय. दादा कुठेच नाहीत. कॅमेऱ्यामागचा माणूस दिसणार कसा?

अगदी शेवटी पाठवणी. लेक गाडीत बसताना चेहरा वर करते आणि पडद्याच्या कडेने एक हात आत येतो. उलटा. तिच्या कपाळाला टेकतो. चित्र हलतं आणि अगदी जवळून, घोगरा आवाज येतो, "कसर हाय गो."

पंखे घोंघावत होते. यंत्र तापलं होतं, बंद पडायच्या बेतात. मी बटणाकडे हात नेला, तर तिने यंत्राला उलटा हात लावला आणि माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे, काका," ती म्हणाली. "मागं घ्या जरा."