लग्नासाठी राखून ठेवलेले टायर

माणसाचं वय रादिसावला कधी ओळखता आलं नाही, पण टायरचं वय कुणी त्याच्यापासून लपवून दाखवावं! चाचाक शहराच्या वरच्या डोंगरगावात चाळीस वर्षं त्याचं टायर दुरुस्तीचं दुकान. जुनी गाडी दिसली की हा बाबा आधी चाकाशी उकिडवा बसणार, मग मालकाला नमस्कार.

पण म्हणून लेकीच्या लग्नातही? दारात वऱ्हाड, ट्रम्पेटवाले गाल फुगवून वाजवतायत, आणि वधूपिता नव्या कोटानिशी गाडीखाली उताणा!

"अहो, शोभतं का हे?" बायको ओरडली.

शोभो न शोभो, टायर कधी बनला ते सांगणारे आकडे त्याच्या आतल्या अंगाला होते. गाडी नवऱ्या मुलाच्या आजोबांची, तिहोमिर यांची. पन्नास वर्षांची छोटीशी फिचा, आरशांना लग्नाचे टॉवेल बांधलेले, टायर काळेकुळीत. दुन्या, त्याची एकुलती एक लेक, यातूनच खाली दरीतल्या चर्चला जाणार होती. उतार असा, की ब्रेक दाबून पाय भरून यावेत.

"तीनशे सत्तावीस," खालून आवाज आला. "बत्तिसावा आठवडा, सातानं संपणारं साल. दोन हजारनंतरचे असते तर चार आकडे असते. पुढे त्रिकोणही नाही, म्हणजे नव्वदीतलेही नव्हेत. सत्त्याहत्तर की सत्त्याऐंशी, एवढंच सांगा."

"व्याही, डोळे तपासून घ्या!" तिहोमिर तडकले. "कोरे टायर आहेत. कालच चढवलेत."

"चढवले काल. बनले कधी?"

म्हाताऱ्यानं आरशावरच्या टॉवेलाची गाठ उगाच आवळली. "सत्त्याऐंशी."

आमच्याकडे नातू झाला की त्याच्या लग्नासाठी प्लमच्या दारूचं पिंप जमिनीत पुरतात. तिहोमिरनी त्या साली पिंप तर पुरलंच, शिवाय तळघरात चार टायरही ठेवले, फडक्यात गुंडाळून.

रादिसावनं आलेलं हसू आवरलं. बत्तीस वर्षांची ती माया, आणि आपण ती नखानं टोकरतोय! फार वाईट वाटलं त्याला. पण लेक ती लेक.

"दारू मुरते, आजोबा. रबर वाळतं." त्यानं कड अंगठ्यानं दाबली, तर बारीक भेगांचं जाळंच उघडं पडलं. "माझ्या पडवीत फिचाच आहे. तिची चाकं लावू."

म्हातारा पाठ फिरवून उभा राहिला. झालं, रुसलं वऱ्हाड, रादिसावनं मनात म्हटलं. तेवढ्यात तिहोमिरनी कोट काढला आणि बाह्या सरसावल्या.

"आमचाही पोरगा त्याच गाडीत बसणार आहे. आणा तो पाना."

तास गेला. खाली पाद्री घड्याळ बघत असेल, तर बघू दे. शेवटचा बोल्ट आवळून रादिसाव हात पुसतोय, तर चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा कण्हत कण्हत गाडीखाली शिरले.

"आता काय राहिलं?"

"तुमच्या शब्दावर बसवू होय तिला?" खालून उत्तर आलं. "चौदा... अठरा. म्हणजे दोन हजार अठराचा एप्रिल ना हो?"

"अगदी बरोबर."

"मग बसू द्या माझ्या नातसुनेला."