विहिरीपाशी उलटी तीन पावलं

आयर्लंडचा इतिहास, संस्कृती आणि अस्मिता अशा भारदस्त नावाच्या परिषदेत आयरिश लोकांनाच त्यांच्या चालीरीती समजावून सांगायला मी उभी राहणार होते. माझं मलाच हसू येत होतं. पुण्यात बारा वर्षं ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवला, मग नवऱ्याला पश्चिम आयर्लंडमधल्या कासलबारला हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली म्हणून त्याच्यामागे इथे आले, दोन वर्षं घरात बसून वैतागले आणि एक दिवस रागारागानं इथल्या विद्यापीठात पुन्हा एम.ए.ला नाव घातलं. मी रागाच्या भरात केलेल्या गोष्टी सहसा बऱ्या निघतात. लग्न सोडून, असं नवरा म्हणतो.

माझा विषय होता एक विहीर. नावाला विहीर, खरं तर एका शेताच्या कडेला दगडांनी बांधून घेतलेला गुडघाभर पाण्याचा झरा. लोक तिथे येतात, सात खडे उचलतात, विहिरीभोवती सात फेऱ्या घालतात आणि दर फेरीला एक खडा टाकतात, म्हणजे मोजणी चुकत नाही. सूर्य फिरतो त्या बाजूनं चालायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ओरडलेच, “अहो, ही तर आमची प्रदक्षिणा!” माझ्या मार्गदर्शक बाई हसल्या आणि म्हणाल्या, “ग्रँड, मग हाच विषय घे.”

विहीर सांभाळणारी आजी ऐंशी ओलांडलेली होती. तिच्या घरात ही राखण आईकडून लेकीकडे आलेली. मी तीन दुपारी तिच्या स्वयंपाकघरात बसून तिचं बोलणं रेकॉर्ड केलं, आणि तिनं मला इतका ब्राउन ब्रेड खायला घातला की माझी जीन्स कमरेत बसेना. पण संमतीपत्रावर सही काही करेना. तिच्या सहीशिवाय त्या रेकॉर्डिंगमधला एक शब्दही वाचायचा नाही, हा विद्यापीठाचा नियम. आजीचं आपलं एकच: “तुमची परिषदेची मंडळी शुक्रवारी फेऱ्या घालायला येणार आहेत ना? आधी तुम्ही माणसं कशी चालता ते बघते. मग सही.”

परिषदेत मला माझा निबंध शनिवारी अकराला वाचायचा होता. म्हटलं, चालण्यात काय चुकणार आहे!

शुक्रवारी दुपारी पाऊस नाही, वारा नाही, नुसतं लख्ख ऊन. पंचवीसेक विद्वान मंडळी बसमधून उतरली आणि शाळेच्या सहलीला आल्यासारखी खडे गोळा करायला लागली. आजी खुर्ची टाकून बसली होती, संमतीपत्राचा फॉर्म एप्रनच्या खिशात. मला गुळगुळीतच खडे हवे होते, म्हणून मी सगळ्यांच्या मागे राहिले. फेरी सुरू झाली. मी इतकी खूश होते, की कधी हात जोडले गेले आणि कधी चपला काढाव्याशा वाटल्या, कळलंच नाही.

विहिरीतून जादा पाणी एका चिंचोळ्या दगडी पन्हळीतून बाहेर पडतं आणि वाट ओलांडून शेतात जातं. पुढची मंडळी बोलत बोलत त्यावरून टांग टाकून गेली. मी तिथे आले, थांबले, जोडलेले हात कपाळाला टेकवले आणि मागे फिरले.

आता हे मी ठरवून केलं का? मुळीच नाही. लहानपणापासून दर सोमवारी आईबरोबर शंकराच्या देवळात जायचे. तिथे अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ते गोमुख ओलांडायचं नसतं. तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं परतायचं. पायांना ती सवय. पायांनी पाणी पाहिलं आणि ते आपले निघाले मागे. एक, दोन, तीन पावलं.

“थांब!”

आजी खुर्चीतून उभी राहिली होती. सगळे जागच्या जागी थिजले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उलटी फेरी! जुन्या काळी कुणाचं वाटोळं व्हावं असं वाटलं, की लोक याच विहिरीभोवती उलटे चालायचे. शाप द्यायची रीत ती. आजीनंच मला सांगितलं होतं, माझ्याच निबंधाच्या चौथ्या पानावर होतं, आणि मी बावळट!

“त्या बाजूला तोंड केलंस ना,” आजी म्हणाली, “तिकडे माझं घर आहे.” एवढं बोलून ती आत निघून गेली. फॉर्म खिशातच.

मी धावत तिच्या स्वयंपाकघरात शिरले. माफी मागितली, पुन्हा मागितली. मग टेबलावरची किटली पुढे ओढली आणि म्हटलं, “हे आमचं देऊळ. ही किटलीची चोच, इथून देवाचं पाणी बाहेर येतं. ही साखरेची वाटी म्हणजे मी.” वाटी किटलीभोवती फिरवत चोचीपाशी आणली, थांबवली, मागे नेली. “देवाचं पाणी आहे, त्यावरून पाय टाकायचा नाही. म्हणून परत फिरायचं. शाप नाही हो आजी, उलट मान आहे तो.” घाईत थोडी साखर सांडली. आजीनं ती हातानं टेबलावरून गोळा केली.

“उद्या बघू,” ती म्हणाली.

उद्या बघू म्हणजे काय, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. “शंकरानं इथेही गाठलं तुला!” मी त्याच्याशी जेवणभर बोलले नाही.

शनिवारी सकाळी मार्गदर्शक बाईंनी निबंधातून आजीचं बोलणं काढून टाकलं. उरलं काय? शीर्षक, प्रस्तावना आणि आभार. दीड पान. एवढं घेऊन वीस मिनिटं काय करायचं, गाणं म्हणायचं? अकरा वाजले. हॉल भरलेला. मी उभी राहिले. “मला माफ करा,” मी सुरुवात केली, “आज मी निबंध वाचू शकणार नाही, कारण...”

दार उघडलं. आजी आत आली. केस पार्लरमध्ये जाऊन सेट केलेले, चर्चला जायचा निळा कोट, ओठांना लिपस्टिक. मागे तिची शेजारीण गाडीची किल्ली हातात घेऊन, धापा टाकत. आजी कुणाकडे न बघता सरळ माझ्यापर्यंत आली.

“कालचं लिहिलंयस का यात?”

“नाही.”

“का?”

“चूक होती ना आजी माझी.”

तिनं कोटाच्या खिशातून फॉर्म काढला, टेबलावर पसरला आणि हॉलकडे वळली. आवाज काही चढवला नाही. “काल तुम्ही सगळे त्या पाण्यावरून बूट घालून गेलात,” ती म्हणाली. “दोष देत नाही. ऐंशी वर्षं मीही तशीच गेले. माझी आईही. ही एकटी थांबली.”

मार्गदर्शक बाईंनी पेन पुढे केलं. आजीनं चष्मा लावला, फॉर्म वरपासून खालपर्यंत निवांत वाचला, सगळ्यांना ताटकळत ठेवलं आणि सावकाश, गोल गोल अक्षरांत सही केली. मला रडू फुटलं. हसूही येत होतं, दोन्ही एकदम. शाळकरी पोरीसारखी मी बाहीनं नाक पुसलं, सगळ्या विद्वानांसमोर.

आजी पहिल्या रांगेत जाऊन बसली. कोटाची बटणं सोडली, पर्स मांडीवर ठेवली.

“वाच आता पोरी,” ती म्हणाली. “आणि मोठ्यानं वाच, मला कमी ऐकू येतं.”

मी हातातले कागद उलटे करून ठेवले आणि काल दुपारी मी काय केलं, ते पहिल्यापासून सांगायला लागले.