मैदानाच्या वासाची बिअर

आमच्या गल्लीत बिअर बनवणारी एक बाई राहते, असं मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा खुर्च्या पुढे सरकतात. रंगभूमीवर जन्म काढला, पण एका वाक्यात प्रेक्षक असा मुठीत आलेला क्वचितच पाहिला.

तिला सगळे ताई म्हणतात, वयाने मोठे असलेलेसुद्धा. बंद पडलेल्या बेकरीच्या मागच्या खोल्यांत तिचा कारखाना आहे. भट्टीच्या जागी आता पोट सुटलेल्या स्टीलच्या टाक्या उभ्या आहेत. फरशी कायम ओली, आणि भिजलेल्या बार्लीचा गोडसर, उबदार वास थेट माझ्या जिन्यापर्यंत. गुडघ्याएवढे रबरी बूट घालून, डोक्याला रुमाल बांधून ताई टाक्यांशी बोलत हिंडते. "काय गं, रुसलीस का आज?" असं आतून ऐकू आलं की ओळखावं, एखादी टाकी हवी तशी फसफसत नाहीये. नवीन बिअर झाली की पहिला घोट माझा. मानधन शून्य, पण भूमिका मोठी!

आधी ती दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होती. पक्की नोकरी, तीही वडिलांनी कुणाकुणाकडे शब्द टाकून मिळवून दिलेली. ताईने ती सोडली आणि हा बिअरचा उद्योग मांडला. तेव्हापासून वडील तिच्या कारखान्याची पायरी चढले नव्हते. बरं, माणूस अजिबात न पिणारा असता तर एकवेळ ठीक. पण काका, म्हणजे ताईचे वडील, दर रविवारी दुकानातून बाटली आणायचे आणि मुलीच्या देखत, मिटक्या मारत प्यायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, घरची सोडून बाहेरची?" तर म्हणाले, "बिअर कंपनीत बनते. बेकरीत बनते ती लुडबुड."

काका म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचे जुने गोलकीपर. टोपणनाव 'भिंत'. ताईची बिअर पुढे केली की दोन्ही पंजे वर करून म्हणायचे, "आपण आत काही जाऊ देत नाही." लोक हसायचे. ताईही हसायची, पण ग्लास परत नेताना तिची पाठ हसत नसे. आम्हा नटांना पाठ वाचता येते.

अशात एका सकाळी क्लबच्या सेक्रेटरींनी एंट्री घेतली. मोसमाच्या शेवटच्या सामन्याला क्लबची स्वतःची बिअर हवी, आणि ती ताईनेच क्लबबरोबर बसून ठरवायची. ताईने वाक्य पुरं व्हायच्या आत होकार दिला. सामन्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. क्लबची बिअर म्हटल्यावर बाबांना निदान एकदा ती तोंडाला लावावी लागेल, एवढीच तिची आशा.

बैठक क्लबच्या खोलीत भरली. भिंतीला टांगलेल्या जाळ्या, कोपऱ्यात ओल्या बुटांचा ढीग, आणि बाकांवर जो तो बिअरमधला जाणकार.

"लाल पाहिजे," सेक्रेटरी म्हणाले. "जर्सीसारखी."

"कडू ठेवा," कोच म्हणाले. "आमच्या यंदाच्या खेळाला तेच शोभतं."

"हलकी हवी," कॅप्टन म्हणाला. "दोन ग्लास पिऊन घरी सरळ चालत जाता आलं पाहिजे."

"तू न पिताही सरळ धावत नाहीस!" कोच ओरडले.

काका समितीतले ज्येष्ठ, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी ताईकडे न पाहता सांगितलं, "मैदानाचा वास आला पाहिजे. नाहीतर क्लबचं नाव लावू नका."

हे बोलणं म्हणजे भर प्रयोगात कुणीतरी मागून धोतराचा सोगा ओढावा तसं. ताई मात्र खूश! बाबांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

ती कामाला लागली. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं असतात, त्यांतल्या एका जातीला कापलेल्या गवतासारखा वास येतो. ती फुलं घालून केलेला पहिला नमुना तिने क्लबवर पाठवला. काकांनी नुसता हुंगला. "हे मैदान आमचं नव्हे."

कॅप्टन मनाचा दिलदार. तो म्हणाला, "ताई, काळजी करू नका, मैदानच आणून देतो." आणि संध्याकाळी पोतंभर ताजं कापलेलं गवत पाठीवर घेऊन हजर. ताईने त्यातलं थोडं चाळून, धुऊन एका लहान पातेल्यात उकळलं आणि त्याची वेगळी बिअर घातली. तयार झाल्यावर चाखायला मी आणि सेक्रेटरी. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, धंद्याची सवय. सेक्रेटरींनी मात्र डोळे मिटले आणि तसेच ठेवले.

"ताई," ते म्हणाले, "नवीन रंगवलेलं घर चाटल्यासारखं वाटतंय."

कॅप्टनला बोलावलं. "गवत कुठलं कापलंस रे?"

"कडेचं. रेषेवरचं. तिथे छान दाट असतं ना!"

मैदानावरच्या रेषा चुन्याने मारतात. गवताच्या बुंध्यात मुरलेला तो सगळा चुना पातेल्यात उतरला होता. दुसऱ्या दिवशी गल्लीभर एकच चर्चा: क्लबने ताईला चुना लावला. वाण्याने मला साबण देता देता सांगितलं, इस्त्रीवाल्याने शर्ट देता देता.

हे काकांच्याही कानावर गेलं, आणि त्यांना ते लागलं. मुलीची थट्टा एकवेळ चालली असती, पण क्लबच्या नावाने बोल? त्याच दुपारी ते कारखान्याच्या दारात उभे राहिले, इस्त्रीचा शर्ट घालून. मी आत स्टुलावर बसलो होतो. उठावं की बसावं, कळेना.

"समितीच्या वतीने आलोय," ते म्हणाले. "आमच्या पोरांनी तुझं नुकसान केलं, त्याबद्दल दिलगीर आहोत."

"बसा ना, बाबा."

"बसायला नाही आलो." असं म्हणून बसले. पातेल्याकडे बघून नाक मुरडलं. "पण गवत उकळायला तुला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच की! मैदानाचा वास म्हणालात."

"मैदानाचा म्हणालो. गवताचा कुठे म्हणालो?" काका चिडले. "अगं, गोलसमोर गवत असतं का कधी? तुडवून तुडवून टक्कल पडलेलं असतं तिथे. त्या टकलावर उभा राहिलो मी उमेदीची सगळी वर्षं. सामन्याआधी माळी पाणी मारायचा, आणि झेप घेतली की ती ओली माती नाकात, दातांत. मैदान म्हणजे ते. गवत बाकीच्यांचं, मधे धावणाऱ्यांचं."

"ओली माती," ताई पुटपुटली. मग एकदम माझ्याकडे वळली. "तुमच्या घरी काकूंकडे बीट आहे का हो?"

माझ्या बायकोचं बीटशी वैर आहे. कितीही धुवा, कितीही सोला, माती खाल्ल्यासारखं लागतं म्हणते. तरी डॉक्टरच्या धाकाने घरात असतं. मी धावत जाऊन होतं नव्हतं तेवढं आणलं. ताईने एक चिरून बाबांच्या नाकाशी धरलं. त्यांनी हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि निघून गेले. ताईने पुढचे दिवस बीट सोलण्यात घालवले. तिचे हात असे लाल की पोस्टमन घाबरला.

शेवटच्या सामन्याला मैदानाच्या कडेला टेबल मांडलं होतं. बिअर थेट जर्सीच्या रंगाची, हलकी, शेवटी जराशी कडू. सेक्रेटरी भेटेल त्याला सांगत होते की लाल रंगाची कल्पना मूळ त्यांचीच. काका जाळीमागे त्यांच्या नेहमीच्या जागी. ताईने ग्लास भरला, स्वतः नेऊन त्यांच्या हातात दिला आणि तिथे न थांबता परत आली. वळून बघायची तिची छाती होईना. "तुम्ही बघा आणि सांगा," ती मला म्हणाली.

मी सांगत गेलो. "धरलाय. हुंगतायत. कोच काहीतरी बोलतायत, लक्ष नाहीये. पुन्हा हुंगलं."

"मग?"

"प्यायले."

"तोंड कसं केलं?"

"काहीच नाही. सामना बघतायत."

एवढ्यात आपला गोलकीपर चुकीच्या बाजूला झेपावला. काकांनी ग्लास कोचच्या हातात कोंबला, दोन्ही हातांनी जाळी धरली आणि त्या पोराच्या सात पिढ्या काढल्या. शिव्या संपल्यावर हात मागे केला, तर ग्लास रिकामा. कोचने तो तेवढ्यात संपवला होता.

"अरे, माझी होती ती!" काकांचा आवाज अख्ख्या मैदानाने ऐकला. "अर्धी राहिली होती अजून!"

आणि रिकामा ग्लास हातात घेऊन, सामन्याकडे पाठ करून, ते तरातरा टेबलाकडे निघाले. ताईने घाईघाईने पिंपाचा नळ उघडला. ग्लासात बिअर कमी आणि फेसच जास्त भरला.

"नीट भर," काका म्हणाले. "घाई नाही मला."